गाडीच्या बॅटरीला घरी कोणता चार्जर लावावा, साधा की ऑटोमॅटिक?

तुमची गाडी आठवड्यातून एकदाच निघते, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी सारखी बसते, आणि दुकानदार म्हणतो, १० अँपिअरचा साधा चार्जर न्या, रात्रीत टम्म भरेल. नेमक्या याच सल्ल्यावर चाललेली एक बॅटरी टेबलावर आली होती, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

तीही ३५ चीच. दर रविवारी रात्री नऊला क्लिपा लागायच्या, सकाळी सातला निघायच्या. असे दोन महिने. बुचं उघडली तर पातळी प्लेटांच्या माथ्याखाली अर्धा इंच, उघड्या पडलेल्या कडा पांढुरक्या. बॅटरीतल्या सहा घरांपैकी (सेलपैकी) पाचांची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत आतल्या द्रवाचं जडपण, १.२९० च्या वर, सहाव्याची १.१८०. त्या पाच आकड्यांवर खूश होऊ नका. पाणी उडालं आणि अ‍ॅसिड मागे राहिलं की ते जडपण मोजणारा हायड्रोमीटर असाच वर तरंगतो. डिस्टिल्ड वॉटर भरून पुन्हा चार्ज केल्यावर पाच घरं १.२४० ला आली, सहावं १.१५० वर उतरलं आणि तिथून हललं नाही. मोठा करंट ओढून बॅटरी तपासणाऱ्या लोड टेस्टरवर १५ सेकंदांत ८ व्होल्टच्या खाली. धडधाकट बॅटरी तिथे ९.६ च्या वर राहते. भंगारात गेली.

आता तो चार्जर. आत ट्रान्सफॉर्मर, एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि समोर काट्याचा मीटर, बस. कुठे थांबायचं हे सांगणारं आत काहीच नाही. बॅटरीचा व्होल्टेज चढतो तसा करंट उतरतो, पण शून्यावर कधीच येत नाही. तोच चार्जर एका पूर्ण भरलेल्या बॅटरीला लावला तर मल्टिमीटरवर १६.१ व्होल्ट आणि काटा ४ अँपिअरवर. दर घराला २.४, म्हणजे एकूण १४.४ व्होल्टच्या आसपास बुडबुडे सुरू होतात. भरलेल्या बॅटरीत त्यापुढचा करंट मुख्यतः पाणी फोडण्यात जातो. एका जादा अँपिअर-अवरमागे प्रत्येक घरातून साधारण एक तृतीयांश ग्रॅम पाणी. ४ अँपिअर सहा तास म्हणजे २४ अँपिअर-अवर, सहा घरं मिळून एका रात्रीत जवळपास ५० मिली. आठ रविवारांचे ४००. शिवाय रात्रीला ६० लिटर हायड्रोजन, तोही बंद गॅरेजमध्ये. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरे.

'जास्त अँपिअर, लवकर काम' म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. लवकर भरते ती पहिली ७०-८० टक्के. उरलेलं अ‍ॅसिड-प्लेटांच्या चालीनेच भरतं, तिथे करंट रेटला की बॅटरी तापते आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. करंट अँपिअर-अवरच्या एक दशांश ठेवा. तुमच्यासाठी साडेतीन, फार तर चार. आणि बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते, हेही सोडा आता. ते जुन्या कडक रबराच्या डब्यांबद्दल होतं, आजच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीने काही होत नाही.

तर ऑटोमॅटिक घ्या, पण नुसत्या लेबलवर जाऊ नका. काहींच्या आत फक्त रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, असतो. १४.४ झाले की कट, खाली आले की पुन्हा टक्. त्यात पाणी वाचतं, पण शेवटचा टप्पा राहून जातो आणि बॅटरी कायम थोडी उपाशी. खरा चार्जर १४.४ ला काही तास धरून ठेवतो, मग १३.५ च्या आसपास उतरतो आणि तिथेच थांबतो. दुकानातच भरलेली बॅटरी आणि मल्टिमीटर लावून हा उतार बघून घ्या. तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलणारा मिळाला तर उत्तम. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण १८ मिलिव्होल्ट कमी हवेत, म्हणजे मे महिन्यातल्या चंद्रपुरात ४५ अंशांना १४.४ नाही, १४ च.

ऑटोमॅटिक चार्जरची एक खोड सांगून ठेवतो. बॅटरी अगदीच मेलेली असेल तर तो तिला ओळखतच नाही, सुरूच होत नाही. साधा चार्जर तिथे कामाला येतो, पण तास-दोन तास, समोर उभं राहून.

आधी प्लसची क्लिप, मग मायनस बॅटरीपासून लांब बॉडीला, आणि भिंतीचं बटण शेवटी. काढताना उलट. पाणी चार्ज झाल्यावर भरा. प्लेटा उघड्या असतील तर आधी फक्त त्या बुडेपर्यंत. अ‍ॅसिड वरून कधीच ओतू नका.

हे सगळं साध्या लेड-अ‍ॅसिडचं झालं. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत बहुधा एजीएम किंवा ईएफबी (लेड-अ‍ॅसिडचेच सुधारित प्रकार) असते, चार्जरवर तो मोड हवा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला चार सेलचे मिळून १४.६ लागतात, पण लेडच्या प्लेटांवर साचलेलं सल्फेट काढायला पल्स मारणारा चार्जर तिला लावायचा नाही.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: चार्जर घेण्याआधी गळती, म्हणजे बंद गाडीतही बॅटरीतून वाहणारा करंट, मोजा. गाडी बंद, दारं बंद, अर्धा तास थांबा, मग मायनसची वायर काढून मध्ये मल्टिमीटर, १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं, तरी आठवड्याला ८.४ अँपिअर-अवर जातातच. २०० दिसले तर एकेक फ्यूज काढत चला. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम नाहीतर डॅशकॅम बहुतेक वेळा तिथेच सापडतो.