४३ इंची टीव्हीबरोबर दुकानदार सात हजारांचं सामान गळ्यात मारतोय: गोल्ड प्लेटेड एचडीएमआय वायर, स्टॅबिलायझर, भिंतीचं स्टँड, वाढीव वॉरंटी, पडदा पुसायचं पाणी. घ्यावं का?

नका घेऊ. उत्तर खरं तर इथेच संपतं, पण तुमच्या यादीत 'गोल्ड प्लेटेड एचडीएमआय', म्हणजे टीव्हीला बॉक्स जोडायची सोन्याच्या मुलाम्याची वायर दिसली आणि माझं जुनं दुखणं वर आलं.

१ एप्रिल २०११, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर वर्ल्ड कपची फायनल आणि आमच्या घरी एकवीस इंची डबडा. आई म्हणाली, सोमवारी पाडवा आहे, मुहूर्तावर घ्या. फायनल शनिवारी आणि टीव्ही सोमवारी? मी काही ऐकलं नाही. बरोबर आमचे साडू आले, कारण वायर, मोटर, इन्व्हर्टर ह्या विषयांत शेवटचा शब्द त्यांचा, असं माझ्या सासुरवाडीत ठरलेलं आहे.

बत्तीस इंची एलसीडी घासाघीस करून ३१ हजारांना ठरला. आम्ही उठणार एवढ्यात सेल्समनने काउंटरखालून मखमली अस्तराची डबी काढली. मला वाटलं, अंगठी देतोय. आत वायर, २,२०० रुपये. मी हळूच म्हटलं, राहू द्या. तर साडू सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो, हत्ती घेताय आणि अंकुशासाठी काय रडताय?" एकदा लाज काढली की माणूस पुढच्या कशालाच नाही म्हणत नाही. स्टॅबिलायझर १,८००, भिंतीचं स्टँड १,२००, पडदा पुसायचं पाणी ३५०. साडेपाच हजारांच्या वर गेलं.

घरी आल्यावर प्रश्न पडला की ही वायर लावायची कशाला? आमच्याकडे केबलवाल्याची जाड काळी वायर खिडकीतून येऊन थेट अँटेनाच्या भोकात जायची. सेट टॉप बॉक्स नाहीच. डीव्हीडी प्लेअर लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांचा. सोन्याचं एक टोक टीव्हीत आणि दुसरं टोक हातात घेऊन मी उभा, शेजारी साडू उभे. "पुढे लागेल," म्हणाले.

चित्र जुन्या डबड्यापेक्षा वाईट. चौकोनी चित्र ताणून रुंद केलेलं, त्यामुळे मलिंगा आडवा सुटलेला. दुसऱ्याच चेंडूवर सेहवाग गेला तेव्हा आई म्हणाली, "पाडव्याला घेतला असता तर!" धोनीचा शेवटचा षटकार मला शेजाऱ्यांच्या आरडाओरड्यावरून कळला, चेंडू काही दिसला नाही. एचडी टीव्हीला एचडी चित्र द्यावं लागतं, ही गोष्ट साडेपाच हजारांचं सामान विकणाऱ्याने सांगितली नव्हती.

बरं, ती वायर पुढे तरी लागली का? २०१४ साली एचडी बॉक्स घेतला, तर त्याच्या खोक्यातच एचडीएमआय वायर आली. साडूंची वायर तशीच ड्रॉवरमध्ये. गेल्या वर्षी फोरके (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचा) टीव्ही आणला, त्याला इंटरनेटवरून मालिका-सिनेमे दाखवणारा स्ट्रीमिंग बॉक्स जोडताना मी मुद्दाम ती सोन्याची वायर काढली. दर दोन-तीन मिनिटांनी पडदा काळा. फोरके, एचडीआर (उजेड-काळोखातला फरक जास्त दाखवणारं चित्र), सेकंदाला ६० फ्रेम म्हटलं की सेकंदाला १८ गिगाबिट माहिती नेणारी वायर लागते. २०११ च्या वायरी १०.२ गिगाबिटच्या जमान्यातल्या. चौकातून ३५० रुपयांची आणली, चित्र लख्ख. एचडीएमआयमधून सगळा आकड्यांचा कारभार जातो, त्यात महाग वायरीने रंग खुलत नाहीत. वायर पुरी पडली तर चित्र जसंच्या तसं, नाही पडली तर ठिपके नाहीतर अंधार. सोन्याचा मुलामा टोक गंजू नये म्हणून असतो, बस. हे सगळं दोन्ही वायरींच्या फोटोसकट मी घरच्या ग्रुपवर टाकलं. साडूंनी नुसते हात जोडले.

आता तुमची यादी. स्टॅबिलायझर: टीव्हीच्या पाठीवरची पट्टी वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर तो चढउतार टीव्ही स्वतःच सांभाळतो. भिंतीचं स्टँड: पैसे देण्याआधी खोक्यात आहे का विचारा आणि बिलावर लिहून घ्या, नाहीतर बसवायला येणारा माणूस वेगळे मागतो. गिट्टी मात्र चांगली मारून घ्या, भिंत जुनी असेल तर जास्तच. वाढीव वॉरंटी: पॅनेल, म्हणजे पडदा, धरलाय का तेवढंच विचारा. नसेल तर सोडून द्या, कारण खर्च तिथेच असतो. पुसायचं पाणी: कोरडं मऊ फडकं घ्या.

साउंडबार मात्र घ्या. हल्लीच्या पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते, आवाज खाली किंवा मागे भिंतीवर जातो. आईला मालिकेतले संवाद कळेनात म्हणून मी साधा साउंडबार लावला. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय भोकावर 'एआरसी' (आवाज बाहेर पाठवायची सोय) लिहिलंय त्यातच साउंडबारची एचडीएमआय वायर घालायची, दुसऱ्यात घालून आवाज येत नाही म्हणून ओरडू नका.

आणि दुकानदार 'जीएसटी कमी झालाय, तो पैसा इकडे लावा' म्हणेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवर २८ चे १८ टक्के झाले, म्हणजे ३० हजारांच्या मूळ किमतीवर तीन हजार वाचले. ते तुमचे आहेत.

स्टॅबिलायझरबद्दल एक राहिलं. मी शहरातलं बोलतोय. बहिणीच्या गावी एकदा विजेच्या लाइनची न्यूट्रल तार तुटली आणि घरात ४०० च्या आसपास व्होल्ट आले, टीव्ही आणि फ्रीज दोन्ही गेले. तुमच्याकडे असं होत असेल तर जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारं उपकरण बसवा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. आणि फोरकेवर १२० फ्रेमचे गेम खेळणार असाल तर ४८ गिगाबिटची वायर लागेल, ती थोडी महाग पडते. साडूंना हे सांगू नका.