आयबीएस : रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट बिघडतंच

तुम्ही लिहिलंय की सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, डॉक्टर म्हणाले 'आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कामातला बिघाड) आहे, टेन्शन घेऊ नका'. आणि गहू, दूध, डाळी, कांदा-लसूण सोडूनही मीटिंगच्या दिवशी सकाळी पुन्हापुन्हा संडासला पळावं लागतं. मी हा त्रास बरीच वर्षं सांभाळतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

हा तुमच्या मनाचा खेळ नाही. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. ताण आला की आतड्याची हालचाल बदलते. शिवाय आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात, दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढ्या गॅसने आपल्याला कळ येते. तपासणीत काही सापडत नाही, पण दुखणं खरंच असतं.

म्हणून कळकळीने सांगते, एकेक पदार्थ सोडत सुटू नका. ताणाच्या दिवशी जे पोटात गेलं त्याच्यावर आळ येतो आणि यादी लांबत जाते. त्यापेक्षा दोन-तीन आठवडे वही ठेवा : काय खाल्लं, किती वाजता, झोप कशी झाली, त्या दिवशी डोक्याला काय ताप होता. बहुतेकदा पदार्थापेक्षा वेळच जास्त बोलते. जेवलं की मोठं आतडं आपसूक हलायला लागतं, भरपेट आणि तेलकट जेवणाने जास्तच. दिवसभर उपाशी राहून रात्री एकदम जेवणं आपल्याला झेपत नाही. मीटिंगच्या दिवशी लवकर उठा, थोडंसंच खा, शौचाला निवांत वेळ ठेवा, कॉफी नंतर. चहा-कॉफी मिळून दिवसाला ३ कप पुरे.

एवढं करूनही फरक पडला नाही तर मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात तयार झालेला कमी फॉडमॅपचा (म्हणजे नीट न पचता आतड्यात आंबून गॅस करणारी कर्बोदकं कमी असलेला) आहार आहे, पण तो आहारतज्ज्ञाच्या मदतीनेच करा. त्यात पदार्थ फक्त २ ते ६ आठवडे बंद असतात, मग एकेक करून परत आणून पाहायचे. हा दुसरा भाग लोक गाळतात आणि विनाकारण अर्धपोटी जगतात. तुम्ही गहू आधीच सोडलाय, तेव्हा सीलिअॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) तपासणी झाली होती का ते डॉक्टरांना विचारा. गहू बंद असताना ती खोटी नॉर्मल येऊ शकते.

तंतूंसाठी कोंडा नको, त्याने गॅस वाढतो. इसबगोल थोड्यापासून सुरू करा, भरपूर पाण्याबरोबर.

ताणासाठी रोज दहा मिनिटं पोटाने सावकाश श्वास घ्या, शांत दिवशीही, म्हणजे गरजेच्या वेळी तो जमतो. तेवढ्याने भागलं नाही तर कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा) आयबीएसमध्ये उपयोग होतो, समुपदेशकाकडे जायला संकोचू नका.

मात्र शौचातून रक्त, आपोआप वजन घटणं, ताप, रक्ताची कमतरता किंवा झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काहीही असेल तर आयबीएस म्हणून थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.