सात वर्षांची कोंबडी मलूल होऊन बसली आहे: आधी चाचपा, मग भरवा

तुम्ही लिहिलंय की सात वर्षांची कोंबडी दोन दिवस पिसं फुलवून कोपऱ्यात बसली आहे, दाण्याला तोंड लावत नाही आणि घरचे म्हणतात, "वय झालं तिचं, राहू द्या." वय झालंच आहे. पण म्हातारी कोंबडी महिनोन्‌महिने हळूहळू मंदावते, अशी दोन दिवसांत खाणं सोडत नाही. कुठेतरी दुखतंय किंवा काहीतरी अडलंय. त्यात कोंबडी आजार लपवण्यात पटाईत, कारण अशक्त दिसली की बाकीच्या तिला टोचून हैराण करतात. तुम्हाला आज दिसलं, तिला बऱ्याच दिवसांपासून होत असणार.

म्हणून काय भरवू, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि तिला मांडीवर घ्या. मानेच्या बुडाशी, तिच्या उजव्या अंगाला अन्नाची पिशवी असते. ती उद्या उजाडताच, काही खायच्या आत चाचपा. रात्रीतून ती रिकामी व्हायला हवी. घट्ट गोळा लागला तर लांब गवत किंवा दोरा असं काही अडकलं असेल. पाणी भरलेल्या फुग्यासारखी लागली आणि चोचीला आंबूस वास आला तर आतलं आंबलंय. तिला उलटं धरून ओकवा, असं कोणी ना कोणी सांगेलच. ते करू नका. ओकलेलं श्वासनलिकेत गेलं तर कोंबडी हातातच जाते.

मग छातीचं हाड. ते सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर ती कित्येक आठवडे झडते आहे. पोट मऊ असावं. ते तट्ट फुगलं असेल आणि ती पेंग्विनसारखी उभट चालत असेल तर पोटात पाणी झालंय. बरीच अंडी दिलेल्या कोंबडीत त्याचं मूळ बहुतेकदा अंडाशयात किंवा अंडनलिकेत असतं. कोंबड्यांना अंडाशयाचा कर्करोग इतका होतो की माणसांमधल्या त्या आजाराच्या अभ्यासासाठीही कोंबड्या वापरतात. यावर घरी इलाज नाही. शेपटीखाली घाण चिकटली असेल तर कोमट पाण्याने धुऊन नीट कोरडं करा, नाहीतर माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात. तळव्याला काळी खपली धरलेलं गळूही बघा.

माझी चूक सांगते. माझी एक आठ वर्षांची कोंबडी अशीच पेंगायला लागली, तुरा पांढुरका पडला. मीही वयावर ढकललं. एका रात्री सहज बॅटरी घेऊन खुराड्यात गेले तर बसायच्या दांडीखालच्या फटीत लालसर ठिपके चालत होते. हे गोचीडवर्गातले बारके किडे दिवसा फटीत दडतात आणि रात्री रक्त पितात, त्यामुळे दिवसा अंगावर कितीही शोधा, सापडत नाहीत. तरण्या कोंबड्यांनी ते निभावून नेलं होतं, हिला झेपलं नाही. त्यामुळे आज रात्रीच फटी बघा. सापडले तर नुसत्या कोंबडीवर पावडर टाकून भागत नाही, खुराडं रिकामं करून फट न फट साफ करावी लागते.

तोवर तिला वेगळं ठेवा, पण जाळीतून बाकीच्या दिसतील असं. पार नजरेआड ठेवलेली परत सोडली की तिला परकी समजून मारतात. खोक्याच्या एकाच बाजूला ऊब द्या, म्हणजे गरम झालं तर तिला सरकता येईल. निरोगी कोंबडीचंही अंग ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. हाताला तापलेलं लागलं म्हणून आपल्या घरातली तापाची गोळी देऊ नका.

पाणी सिरिंजने घशात ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती स्वतः गिळेल. पिशवी रिकामी असेल तरच खाद्य पाण्यात भिजवून मऊ करून द्या, थोडं उकडलेलं अंडंही चालतं. आणि अंडी बंद झाली असतील तर लेअर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य, थांबवा. त्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं. अंड्याच्या कवचात जाणारं ते कॅल्शियम आता तिच्या मूत्रपिंडांवर पडतं. ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं खाद्य द्या, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्या अंडी घालतात त्या खातील.

मात्र एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या बसल्या, माना वाकड्या झाल्या किंवा पटापट मेल्या तर यातलं काही करत बसू नका. मानमोडी (राणीखेत) किंवा बर्ड फ्लू असू शकतो. हात न लावता पशुवैद्यकीय खात्याला कळवा.

पोट फुगलेलं असेल, अंडं अडकल्यासारखं कठीण काही लागत असेल किंवा ती तोंड उघडून श्वास घेत असेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. पोटातलं पाणी काढलं तर काही दिवस बरे जातात, पण ते पुन्हा भरतं. परत परत काढावं लागलं आणि मध्ये ती उठून माती उकरेनाशी झाली तर तिला शांतपणे कायमचं झोपवण्याबद्दल त्यांनाच विचारा. मी दोनदा विचारलंय, आणि एकदा विचारायला उशीर केला.

उद्या सकाळी पिशवी हाताला कशी लागली आणि शिट कोणत्या रंगाची आहे, तेवढं कळवा.