‘बुढा सोंग करते’ म्हणण्याआधी

तुझं आर्वी तालुक्यातून आलेलं पत्र वाचलं. आजोबांना पार्किन्सन, म्हणजे हालचाल मंदावणारा मेंदूचा आजार, आहे. डॉक्टरांपुढे ते बरे चालतात, पण घरी संडासच्या दारात पाय चिकटल्यासारखे थांबतात, म्हणून घरचे म्हणतात, ‘बुढा सोंग करते’. अशा अडचणी नेमक्या तपासणारं कोणी असतं का, एमबीबीएस नाही मिळालं तर ते शिकता येईल का, असं तू विचारलंस.

आधी घरी सांग, हे सोंग नाही. या आजारात चौकटीत, वळताना, अरुंद जागेत पाय अडतो. त्यावरच्या लेव्होडोपा या गोळीचा अंमल असताना जमणारं काम तो उतरल्यावर जमत नाही. शिवाय डॉक्टर बघत असले की माणूस लक्ष देऊन पाऊल टाकतो. घरी हातात पाण्याचा डबा असतो, मागून कोणी हाक मारतं, आणि लक्ष वाटलं गेलं की चाल अडखळते.

हे तपासणं ऑक्युपेशनल थेरपिस्टचं, म्हणजे व्यवसायोपचारतज्ज्ञाचं काम. पार्किन्सनचा त्रास किती आहे हे मोजणाऱ्या एमडीएस-यूपीडीआरएस या मोजपट्टीच्या एका भागात रोजच्या हालचालींचे १३ प्रश्न आहेत: गिळणं, कपडे, अक्षर, कुशीवर वळणं वगैरे, प्रत्येकाला ० ते ४ गुण. पण ‘कपडे: २’ एवढ्यावरून काय करायचं ते कळत नाही. थेरपिस्ट आजोबांना शर्ट घालायला लावून बघतो. बटण चिमटीत येत नाही, की बाहीत हात घालताना खांदा आखडतो, की पुढं काय करायचं तेच सुचत नाही? पहिल्यासाठी बटणाजागी वेल्क्रो चालेल, दुसऱ्यासाठी जास्त आखडलेला हात आधी घालायला शिकवावं लागेल, तिसऱ्यासाठी एकेक पायरी सांगावी लागेल. आणि आपल्या खेड्यात खुर्चीपेक्षा बाजेवरून उठणं, उकिडवं बसणं, धोतर नेसणं, जमिनीवर बसून जेवणं हेच विचारायला हवं. हे तुला कोणी शिकवावं लागणार नाही, म्हणून तू या क्षेत्रात यावंस असं मला मनापासून वाटतं.

भारतात हे शिक्षण १९५० मध्ये कमला निंबकर यांनी मुंबईत सुरू केलं. तुझ्या जवळ नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बीओटीएच ही व्यवसायोपचाराची पदवी आहे. प्रवेश नीटच्या गुणांवर, राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षामार्फत, म्हणजे सीईटी सेलमार्फत. पसंतीक्रमात ती हौसेनं भर, उरलंसुरलं म्हणून नको. नोकरीचंही स्पष्ट सांगते: सुरुवातीला काम बहुधा शहरात आणि लहान मुलांच्या केंद्रांत मिळेल. तालुक्याला पगारी जागा मिळणं अवघड आहे. तिथं स्वतःचं काम उभं करायला वेळ लागेल.

तोवर आठवडाभर एक वही ठेव. गोळीची वेळ, कोणतं काम कधी अडलं, कुठं अडलं, तोल गेला का, आणि आजोबांना स्वतःला कोणतं काम परत जमावंसं वाटतं. ते धडपडताना लगेच हात लावू नकोस; पडणार नाहीत इतक्या जवळ उभी राहा. गोळीच्या वेळा मात्र आपल्या मनानं बदलू नका. वही पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखव.