वाचकांचे प्रश्न : कोड आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेलाच का?

प्रश्न : माझी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. चेक इंजिनचा दिवा लागलाय, ॲव्हरेजही उतरलंय. स्कॅनरवर पी०१३५ कोड दिसतो. गॅरेजमध्ये सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर बदला. बदलू का?

उत्तर : आधी तपासा. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा अंदाज देतो, तो ऑक्सिजन सेन्सर. पी०१३५ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) आधी, इंजिनाच्या बाजूला असलेल्या सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड. त्या सर्किटमध्ये फ्यूज, रिले, वायरिंग आणि कनेक्टरही येतात. झिर्कोनियाचा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. हीटर बंद असला की थंड इंजिनावर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बराच वेळ ठरीव हिशोबानेच पेट्रोल सोडत राहतो.

पहिल्यांदा फ्यूज पाहा. मग इंजिन थंड असताना सेन्सरचा कनेक्टर सोडवा. चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन असतात, त्या सहसा हीटरच्या. सेन्सरच्या बाजूने त्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावा. थोडे ओहम, फार तर पंधराएक, आले तर हीटर बहुधा शाबूत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर जळालाय, सेन्सर बदलावाच लागेल. हीटर शाबूत असेल तर गाडीच्या बाजूच्या पिनेवर १२ व्होल्ट येतात का बघा. काही गाड्यांत ते इंजिन चालू केल्यावरच येतात. सायलेन्सरला टेकून वितळलेली वायर हे नेहमी आढळणारं कारण आहे.

हीटरचा कोड नसून पी०१३१ (त्याच सेन्सरचा व्होल्टेज कमी) किंवा पी०१३३ (त्याचा प्रतिसाद संथ) आला, तर इंजिन पूर्ण तापवून २५०० आरपीएमवर स्कॅनरचा लाइव्ह डेटा पाहा. चांगल्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर वरखाली होतो. ०.४५ वर खिळला तर सेन्सर किंवा त्याची वायर संशयित. सतत खाली राहिला तर सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत नाही ना, इनटेकचा एखादा पाइप फाटलेला नाही ना, हे आधी बघा. बाहेरची हवा आत शिरली की चांगला सेन्सरही मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी नि हवा जास्त, असल्याचं सांगतो. काही गाड्यांत वाइडबँड नावाचा वेगळ्या प्रकारचा सेन्सर असतो, त्याला हे आकडे लागू नाहीत.

बदलताना : बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एक्झॉस्ट कोमट असताना सेन्सर सैल होतो. आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा. बहुतेकांना २२ मिमीचा, वायरसाठी खाच असलेला सॉकेट लागतो. नव्या सेन्सरच्या आट्यांना वंगण लावलेलं येतं, वरून आणखी लावू नका. टोकाला तर अजिबात नको. आधी हातानेच बसवा, मग साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटरने आवळा. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. आसपास साधा सिलिकॉन सीलंट वापरू नका, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. वायर कापून सोल्डर करणंही टाळा : अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी हवा वायरीतूनच घेतात. शेवटी कोड पुसा आणि थंड इंजिनापासून गाडी पुन्हा चालवून तो परत येतो का पाहा.

प्रश्न : पी०४२० आल्यावर मागचा सेन्सर बदलला, तरी दिवा गेला नाही. असं का?

उत्तर : पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड. मागचा, म्हणजे कन्व्हर्टरनंतरचा सेन्सर त्याचं काम तपासतो. इंजिन तापल्यावर या सेन्सरचा व्होल्टेज जवळजवळ स्थिर राहायला हवा, साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टवर. पुढच्यासारखा उड्या मारत असेल आणि एक्झॉस्ट कुठे गळत नसेल, तर संशय कन्व्हर्टरवर आहे. काढलेला जुना सेन्सर फेकू नका, बहुधा तो चांगलाच असेल.