वाचकांचे प्रश्न : किडनीची ‘सूज’ आणि आपल्याच पेशी

प्रश्न : माझी पुतणी २४ वर्षांची आहे. तिचे पाय सुजत नाहीत, सोनोग्राफी नॉर्मल, लघवीत जंतू सापडले नाहीत. तरी बेळगावच्या डॉक्टरांनी ‘किडनीला सूज आहे’ म्हणून सांगितलं. लघवीतून प्रथिनं आणि रक्तपेशी जातात म्हणाले. जंतूच नाहीत तर सूज आली कुठून? — एक वाचक, खानापूर

उत्तर : घोटाळा ‘सूज’ या शब्दामुळे होतो. पायावर बोट दाबल्यावर खड्डा पडतो, ती पाण्याची सूज. डॉक्टर म्हणतात ती सूज म्हणजे दाह. तो आपल्याच संरक्षक पेशी घडवतात आणि त्यासाठी जंतू हजर असावेच लागतात असे नाही. सोनोग्राफीत तो बहुधा दिसत नाही, कारण दाह जिथे होतो ती गाळणी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी असते. अशा सुमारे १० लाख गाळण्या एकेका किडनीत असतात आणि दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. एवढे गाळताना रक्तात फिरणारी चुकीची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तिथे अडकली तर नवल नाही.

ही प्रतिपिंडे बी पेशी या पांढऱ्या पेशींपासून तयार होणाऱ्या प्लाझ्मा पेशी बनवतात. ल्युपस या आजारात ती स्वतःच्याच डीएनएविरुद्ध असतात. ती गाळणीत साचली की रक्तातील कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने जागी होतात (रिपोर्टवरचे सी३, सी४ ते हेच) आणि पांढऱ्या पेशींना बोलावणे जाते. आधी येतात न्यूट्रोफिल. ते जंतू मारण्यासाठी असलेली विकरे (एन्झाइम) गाळणीच्या पडद्यावरच सोडतात. पडद्याला भोके पडतात, तांबड्या पेशी त्यातून पिळवटून बाहेर येतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाकड्यातिकड्या दिसतात. मुतखड्यातून आलेल्या रक्तपेशी अशा नसतात, त्या गोल असतात.

मागोमाग मॅक्रोफेज, म्हणजे मलबा गिळणाऱ्या मोठ्या पांढऱ्या पेशी, येतात. केशवाहिनी फुटलीच तर मॅक्रोफेज आणि गाळणीच्या कवचातल्या पेशी मिळून चंद्रकोरीच्या आकाराचा थर रचतात, आणि तो आतल्या केशवाहिन्या दाबून टाकतो. निम्म्याहून जास्त गाळण्यांत चंद्रकोर झाली, तर काही आठवड्यांत किडनी बंद पडू शकते. इथे ‘पुढच्या महिन्यात दाखवू’ चालत नाही.

टी पेशी या आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे काम जास्त करून गाळण्यांच्या बाहेर, गाळलेले पाणी पुढे नेणाऱ्या नलिकांच्या मधल्या जागेत दिसते. वेदनाशामक गोळ्या, पित्तावरची पॅन्टोप्राझोलसारखी औषधे आणि काही प्रतिजैविके यांनी होणारा दाह हा तिथलाच. त्यात पहिला उपचार म्हणजे ते औषध बंद करणे. आणि ही मधली जागा दुय्यम समजू नये. तिथे किती व्रण धरला आहे, यावरून किडनी पुढे किती वर्षे चालेल याचा अंदाज पुष्कळदा गाळण्यांपेक्षा चांगला बांधता येतो.

या पेशी सरसकट वैरी मात्र नव्हेत. घसा किंवा त्वचेच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतर लहान मुलांची लघवी कोऱ्या चहासारखी होते (घशानंतर १ ते ३ आठवड्यांनी, त्वचेनंतर ३ ते ६), तेव्हा हल्ला करणाऱ्या पेशीच पुढे मलबा साफ करतात आणि बहुतेक मुले स्टेरॉइडशिवाय बरी होतात. सी३ सहा ते आठ आठवड्यांत मूळपदावर येतो. आलाच नाही, तर आजार दुसरा आहे असे समजून पुढे तपासावे.

पुतणीच्या वयाच्या स्त्रीमध्ये ल्युपसची शंका आधी घ्यावी. सांधेदुखी, केस गळणे, तोंडात फोड असे काही आहे का, ते डॉक्टरांना सांगा. एएनए (ल्युपसची प्राथमिक रक्तचाचणी), डीएनएविरोधी प्रतिपिंड, सी३, सी४, क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ), रक्तदाब आणि सकाळच्या पहिल्या लघवीतले प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (०.२ च्या आत हवे) एवढे पाहावे. सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी मात्र खानापुरातून बाटली भरून बसने नेऊ नका. तासा-दोन तासांत पेशी फुटतात आणि अहवाल चुकीचा ‘नॉर्मल’ येतो. नमुना लॅबमध्येच द्या, पाळीच्या दिवसांत देऊ नका.

प्रश्न : वडिलांना बायोप्सी सांगितली आहे. गावात म्हणतात, सुई मारली की किडनी जाते. सरळ स्टेरॉइड सुरू करता येणार नाही का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : बायोप्सीत तपासणीसाठी सुईने किडनीचे दोन बारीक धागे काढतात. १० लाखांतल्या वीस-तीस गाळण्या जातात, किडनी नाही. खरा धोका रक्तस्रावाचा. एक-दोन दिवस लघवी लालसर होऊ शकते, रक्त द्यावे लागते ते शंभरात एखाद-दुसऱ्याला. तो टाळण्यासाठी रक्तदाब १४०/९० च्या खाली आणतात आणि अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी साधारण सात दिवस आधी थांबवतात. हृदयासाठी ती चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. नंतर सहा-आठ तास उताणे पडून राहायचे, दोन आठवडे ओझे उचलायचे नाही.

एक गोष्ट आवर्जून विचारा : नमुन्याच्या बाटल्या दोन आहेत ना? एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो. दुसरा प्रतिपिंडे ओळखण्याच्या इम्युनोफ्लुरोसन्स तपासणीचा. तो मिशेल द्रावणात किंवा तपासणी लगेच होणार असेल तर सलाईनमध्ये ठेवावा लागतो. चुकून दोन्ही फॉर्मॅलिनमध्ये पडले, तर ल्युपस, आयजीए (त्या नावाची प्रतिपिंडे साचून होणारा आजार) आणि संसर्गानंतरचा दाह यांतला फरक सांगणे फार अवघड होते.

आणि फरक कळलाच पाहिजे, कारण औषध पेशीनुसार ठरते. रिटुक्सिमॅब हे औषध बी पेशी हटवते. प्लाझ्मा पेशींवर मात्र ते औषध ओळखते ती खूण नसते आणि आधी बनलेली प्रतिपिंडे अनेक आठवडे रक्तात टिकतात. म्हणून गुण उशिरा येतो, आणि तोवर दाह आवरायला स्टेरॉइड जोडीला लागते. अंदाजाने सुरू केलेले स्टेरॉइड वडिलांची साखर आणि रक्तदाब वाढवू शकते, आजार ओळखणे मात्र अवघड करील. घाईचा अपवाद एकच. क्रिएटिनिन झपाट्याने चढत असेल, तर तज्ज्ञ बायोप्सीची वाट न पाहता उपचार सुरू करतात आणि बायोप्सी लगोलग उरकतात.

प्रश्न : आईला किडनीच्या दाहासाठी गोळ्या चालू आहेत. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून काढा द्यावा का? — एक भगिनी, चिकोडी

उत्तर : देऊ नका. आईची प्रतिकारशक्ती कमी पडून हा आजार झालेला नाही, ती चुकीच्या जागी चालली आहे. काढ्यासाठी आणलेल्या जंगलातल्या मुळ्यांत सापसंद नावाची वनस्पती असू शकते आणि त्यातले अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल नलिकांभोवती कायमचा व्रण करते.

स्टेरॉइड सकाळी खाल्ल्यावर द्या. तीन आठवड्यांहून जास्त दिवस चालू असेल तर एकदम बंद करू नका, शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते. दिवसभराचे मीठ सगळे मिळून एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. त्यात लोणचे, पापड, सुकट आले. या औषधांवर दबलेला क्षय डोके वर काढतो, तेव्हा दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या. ताप आला तर दुकानातली वेदनाशामक गोळी देऊ नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.