आधी आवाज, मग कॅमेरा

व्हिडिओसाठी नवा कॅमेरा घेण्याआधी कॉलर माइक घे. चित्र थोडं कमी-जास्त चालतं, घुमणारा आवाज कुणी ऐकत नाही. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लाव, पंखा बंद कर. रेकॉर्डिंगच्या मीटरवर मोठ्यात मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये नीट होत नाही. त्याच खोलीतली ३० सेकंदांची नुसती शांतता रेकॉर्ड कर, कट जोडताना लागतेच.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि १/५० सेकंद शटर ठेव, नाहीतर चित्रावर पट्टे सरकतात.

बहुतेक फोनचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, शूटिंगमध्ये बदलत राहतो. लांब मुलाखतीत मग ओठ आणि आवाज जुळत नाहीत. एडिटिंगआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल बदलून घे.